सुरुंग ऐकणारी पोरगी

माझ्या धाकट्या बहिणीचं नाव मी इथे लिहिणार नाही. लिहून उपयोगही नाही. आईने ते नाव हजार वेळा हाकारलं असेल, पण ज्याचं त्यालाच ओळखीचं नाही असं ते नाव राहिलं. घरात आम्ही तिला खुणेनेच ओळखतो. हनुवटीवर बोट टेकवलं की ती, कारण तिथे तिला तीळ आहे.

तुमसरच्या पुढे, मँगनीजच्या खाणीजवळ मजुरांच्या क्वार्टरची एक लाइन होती. त्यातल्या दोन खोल्या आमच्या. बाबा खाणीत सुरुंगाची भोकं पाडायचं मशीन चालवत. दिवसभर त्या घरघराटाच्या वरताण ओरडून बोलायची सवय झालेली, ती घरी आल्यावर कुठे जाणार? "भात वाढ" म्हणाले तरी चौथ्या घरात ऐकू जायचं. त्यांच्यामुळे आई मोठ्याने बोले, आईमुळे आम्ही. आमच्या लाइनीत कुजबुज नावाचा प्रकारच नव्हता. गप्पा चालल्यात की भांडण, हे तोंडाकडे बघून ठरवावं लागे. अशा ठिकाणी एक लहान पोर हाकेला वळत नाही, हे कोणाच्या ध्यानात येणार होतं?

मी पाच वर्षांची असताना ती झाली. आठ-नऊ महिन्यांची असेल, तेव्हा तिला जबर ताप आला. आठवडाभर पोर निखाऱ्यासारखी तापत होती. मग ताप उतरला, ती दूध प्यायला लागली, आईने देवीची ओटी भरली आणि आम्ही तो आजार विसरून गेलो.

खाणीत दुपारी सुरुंग उडत. आधी भोंगा वाजे. भोंगा झाला की बायका चुलीवरचं झाकून टाकत, कारण छपरावरून माती पडायची. मांडणीवरचे गडवे-तांबे मागे सरकवत. मग थोड्या वेळाने एकामागून एक धमाके होत आणि पायाखालची जमीन हलून जाई. बहीण शेणाने सारवलेल्या जमिनीवर फतकल मारून खेळत असायची. सुरुंग उडाला की तिचे हात थांबत, मान वर होई, आम्ही सगळे बघायचो तिकडे तीही बघे आणि हसे. तिचं ते हसू बघायला शेजारच्या बायका दारात येऊन उभ्या राहत.

दोन वर्षांची झाली तरी ती बोलेना. एखादी शेजारीण दबकत आईला म्हणे, "काहून वं, पोट्टी आयकते नं?"

आई ठसक्यात सांगे, "बहिरी असती तं सुरुंगाले कायले पायली असती? दुपारी येऊन पाय."

झालं. हातच्या काकणाला आरसा कशाला! दुसऱ्या गावात एखाद्या पोराचे कान तपासायला थाळी वाजवली असती, टाळी वाजवली असती. आमच्याकडे रोज दुपारी अख्खा डोंगर वाजत होता आणि पोर त्याला वळत होती. यापेक्षा मोठी परीक्षा कोणती? तळहात आणि पायही ऐकतात, हे खाणीच्या गावाला सुचायला हवं होतं. पण नेमकं आम्हालाच सुचलं नाही. वर बाबांची आई सांगून गेली, "इचा बाप बी पाच वर्साचा होईस्तोवर बोलला नोयता. बोलन तेबी." त्यानंतर काळजी करणं म्हणजे आजीचा अपमान करणं होतं.

मला मात्र माहीत होतं. तिला सांभाळायचं काम माझं, शाळेतून आले की ती माझ्या कडेवर. लपंडाव खेळताना मी तिच्या मागे उभी राहून ओरडायची, ती मला पुढेच शोधत राहायची. सुरुवातीला मला त्याची मजा वाटली. मग एक दिवस मी तिच्या पाठीमागे डब्यावर दगड आपटला. माझेच कान बधिर झाले, आणि ती मातीत काडीने रेघा ओढत राहिली. तेव्हा मी आठ वर्षांची होते. आठ वर्षांच्या पोरीला जेवढं कळायला हवं तेवढं मला त्या दिवशी कळलं होतं.

मी ते आईला का सांगितलं नाही? आजवर या प्रश्नाची मी स्वतःला बरीच उत्तरं दिली आहेत, आणि त्यातलं एकही मला पटत नाही. खरं आहे ते एवढंच. आई रडायची. लाइनीतली पोरं बहिणीला 'मुकी, मुकी' म्हणत. आणि एकदा आईची मावशी घरी आली असता तिने बहिणीला नावाने हाक मारली, तेव्हा पोर माझ्या कडेवर होती. मी तिच्या पाठीवर, झबल्याच्या आतून, बोट दाबलं. तिने मान वर करून समोर बघितलं. समोर मावशी होती. मावशी म्हणाली, "अवं, वळली नं! तू उगीच रडून राहिली." आईच्या चेहऱ्यावर जे काही आलं ते मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. तिने मला जवळ घेऊन गुळाचा खडा दिला आणि म्हणाली, "मोठीपाशी बराबर वळते. मोठीच्या हाताले गुण आहे."

हाताला गुण होताच. त्या दिवसापासून मी तो वापरायला लागले. कोणी हाक मारली की बोट. डावीकडून हाक आली तर डाव्या बाजूला, उजवीकडून आली तर उजव्या. हाक आणि बोट यांत जरा जरी अंतर पडलं तर बघणाऱ्याला संशय येतो, म्हणून मी ते साधायला शिकले. नाव तोंडातून निघून संपायच्या आत बोट दाबायचं. महिन्याभरात ती इतकी तयार झाली की बोट नुसतं टेकलं तरी वळे. मी खूश होते. आपण तिला काही तरी शिकवतोय असंच मला वाटायचं. आई पाहुण्यांसमोर मुद्दाम हाक मारून दाखवी. ही फसवणूक आहे असं माझ्या मनात कधी आलंच नाही असं म्हणणं खोटं होईल. येत होतं, आणि मी ते झटकून टाकत होते.

हे जवळजवळ अडीच वर्षं चाललं. अडीच ते पाच, हे तिचं वय. पुढे मी शिक्षिका झाले, तेव्हा एवढ्या वयाची पोरं कानांनी किती गोळा करतात हे मला रोज समोर दिसलं. तेव्हा दिसलं असतं तर!

खोटं फुटलं ते आंधळगावला. तिथे आईचं माहेर. रोवणा, म्हणजे धानाची लावणी, चालू होता म्हणून आई आम्हाला घेऊन गेली होती. बांध्यांमध्ये गुडघाभर चिखल, बायका वाकून धानाचे पऱ्हे, म्हणजे कोवळी रोपं, रोवत होत्या. मीही हौसेने त्यांच्यात उतरले होते. बहीण धुऱ्याजवळच्या चिखलवाटेवर खेळत होती. मागून मामाची पऱ्ह्यांनी भरलेली बंडी आली. बैलांच्या गळ्यात घुंगरं. मामाने हाक दिली, मग ओरडला, मग बैलांचे कासरे ओढून बंडीवर उभाच राहिला. सगळ्या बायका कंबर सरळ करून बघायला लागल्या. तो चिखल इतका मऊ होता की बंडीचा हादरा तिच्यापर्यंत पोचलाच नाही. बैलाचा श्वास तिच्या मानेवर लागला तेव्हा ती वळली. तिच्या पाठीवर बोट ठेवायला मी तिथे नव्हते.

मामा खाली उतरला. त्याने तिला उचललं, तिच्या कानाजवळ चुटकी वाजवली, पुन्हा वाजवली. मग आईकडे बघून हळूच म्हणाला, "बाई, हे पोट्टी आयकतच नाही."

आई चिखलात तशीच उभी राहिली. हातातली पऱ्ह्यांची जुडी तिने सोडली नाही. मग तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही; काहीच न कळल्यासारखं बघितलं. मी खाली वाकले आणि रोवायला लागले.

त्यानंतर लगेच नागपूर गाठावं, तर तेही नाही. आधी तुमसरचा डॉक्टर, मग एक जडीबुटीवाला, मग देवीला घंटा वाहायचा नवस. घंटा वाहिली, आणि ती वाजवून बहिणीला तिथे उभंही केलं. देवळाच्या दगडी फरशीवर तिने पाय आपटून बघितले, बस्स. यात आणखी दोन वर्षं गेली. ती सात वर्षांची झाली तेव्हा मामाच बाबांवर चिडला. "बैल गेल्यावर झोपा करशान का, भाऊजी?" म्हणाला. तेव्हा बाबांनी सुट्टी काढली. आई, बाबा, ती आणि मी, असे चौघे नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्यात गेलो. मला नेलं, कारण ती माझ्याशिवाय कोणाजवळ बसत नसे.

कानाचा डॉक्टर वयस्कर होता, शांत. त्याने तिला खुर्चीवर बसवलं, पाय वर घ्यायला लावले, हात मांडीवर. मला दूर, भिंतीपाशी उभं केलं. मग मागे जाऊन त्याने आधी घंटी वाजवली, मग ढोलकी. ती माझ्याकडे बघत बसली.

बाबांना राहवलं नाही. "साहेब, सुरुंग आयकते हे. रोज आयकते. साऱ्या लाइनीले इचारा."

डॉक्टर परत समोर आला. त्याने तिचे दोन्ही तळहात टेबलावर पसरून ठेवले आणि टेबलाच्या खालून मूठ मारली. तिचे डोळे मोठे झाले, मान वर झाली आणि ती हसली. दुपारी हसायची अगदी तसंच. बाबा त्या टेबलाकडे बघत राहिले. जन्मभर ज्यांचे हात त्या मशीनबरोबर थरथरत आले, त्या माणसाला समजावून सांगायची गरज नव्हती.

डॉक्टर म्हणाला, "थोडं ऐकणं शिल्लक आहे. कानाला मशीन लावलं तर आवाज पोचेल. पण नुसता आवाज पोचून काय होतं? कोणता आवाज कोणाचा, हे पोर पाळण्यात पडल्यापडल्या शिकत असतं. चार-पाच वर्षांत ते सगळं मनात बसतं. मग बसत नाही, किंवा फार थोडं बसतं. दोन-तीन वर्षांची असताना का नाही आणलीत?"

बाबांनी माझ्याकडे हात केला. "तवा आयकत होती नं साहेब! नाव घेतलं का वळे. हे मोठी सांभाळे तिले, इलेच इचारा."

तिघेही माझ्याकडे बघायला लागले. मी बारा वर्षांची होते. आठव्या वर्षी जे केलं ते पोरखेळ म्हणून माफ करता येईल. पण त्या खोलीत मी मान हलवली आणि म्हटलं, "हो, वळायची." ते मी स्वतःला कधीच माफ केलेलं नाही. डॉक्टरने चष्मा काढून पुसला आणि कागदावर काही लिहिलं.

परतीच्या पॅसेंजरमध्ये आई खिडकीशी बसली होती. बाहेर रोवणा उरकत आला होता. शेतांकडे बघता बघता ती बोलली, ते बाबांना की मला की खिडकीला, कोण जाणे. "पऱ्हे जून झाल्यावर रोवले तं मरत नाही. जगते. पन फुटवे येत नाही मंग."

मशीन काही महिन्यांनी आलं. काडेपेटीहून मोठी डबी, तिला वायर, वायरीच्या टोकाला कानात घालायचं बोंड. आईने डबीसाठी छातीवर अडकवायची कापडी पिशवी शिवली, तिच्यावर लाल दोऱ्याने फूल काढलं. पहिल्यांदा लावलं तेव्हा बहिणीने किंकाळी फोडली आणि आपलीच किंकाळी कानात शिरली म्हणून आणखी मोठी फोडली. आई मात्र हसत होती, "आयकू आलं वं! आयकू आलं!" म्हणत होती. पुढचे आठ दिवस आमच्या घरात सण होता.

मग लक्षात यायला लागलं की आवाज येतो, पण तो कोणाचाच नसतो. कोंबडी ओरडली, भांडं पडलं, आईने हाक मारली, पिशवी फ्रॉकला घासली, सगळं तिला सारखंच. प्रत्येक वेळी ती दचकून आमच्या तोंडाकडे बघे. आम्हाला न शिकवता कळलेलं होतं की वारा सोडून द्यायचा आणि हाक उचलायची. तिला काय सोडायचं तेच माहीत नव्हतं.

मी शिकवायचा विडा उचलला. रोज संध्याकाळी, पडद्याआड थाळी, घुंगरू आणि तिचं नाव. थाळी आणि घुंगरू तिने पंधरा दिवसांत वेगळे ओळखले. मी आनंदाने नाचले. मग नाव. नुसतं तीन अक्षरी नाव. त्याच्यासमोर मी तिला दुसरा शब्द द्यायची आणि विचारायची, यातलं तुझं कोणतं? तिला दोन्ही एकच. आठ महिने मी ते नाव म्हणत होते. माझ्या आवाजात, आईच्या आवाजात, हळू, ओरडून, गाऊन. माझ्याकडून गेलेलं सगळं मला तिच्या कानात परत भरायचं होतं, आणि ते ही पोर घेत नाही याचा मला राग यायला लागला. एका संध्याकाळी मी तिच्या मुस्कटात मारली.

ती रडली नाही. तिने बोंड कानातून काढलं, वायर बोटांभोवती नीट गुंडाळली, डबी पिशवीत घातली आणि पिशवी माझ्या हातात दिली. त्यानंतर ती ते मशीन लग्नाकार्यात घाली, आईने सांगितलं म्हणून, जशा इतर पोरी माळ घालतात.

नागपूरला अशा मुलांची राहायची शाळा आहे, असं डॉक्टरने सांगितलं होतं. आईने पोर सोडली नाही. गावच्या शाळेत गुरुजी म्हणाले, "बसवा, पण मी हिला काय शिकवू?" तीन दिवस बसवली, मग तीही बसेना. हातांचीही एक पुरी भाषा असते, हे आम्हाला कोणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलंही नाही. घरच्या घरी शंभरेक खुणा तयार झाल्या. मिशी म्हणजे बाबा, नथ म्हणजे आई, हवेत लिहिलं की मी. भात, पाणी, बाजार, ताप, पाऊस, नको. एवढ्यावर तिचा संसार. ती विड्या वळायला शिकली आणि लाइनीत तिच्याइतका भरभर हात कोणाचा चालत नसे.

मी डी.एड. झाले, मोहाडीजवळ नोकरी लागली, लग्न झालं. पहिलीचा वर्ग माझ्याकडे. सहा वर्षांची पोरं कानांत सगळं गाव भरून घेऊन येतात. आम्ही मास्तरलोक त्या भरलेल्या पोत्याला फक्त अक्षरांच्या चिठ्ठ्या लावतो आणि शिकवलं म्हणून मिरवतो. मला मुलगा झाला. तीन महिन्यांचा असताना मी त्याला खाटेवर निजवलं, मागे गेले, दोन्ही हात पाठीशी घट्ट धरले आणि हाक मारली. तो वळला. मी पुन्हा पलीकडून हाक मारली. पुन्हा वळला. सासूबाईंना वाटलं मी आनंदाने रडते आहे.

त्याच वर्षी, अठ्ठ्याऐंशीचा उन्हाळा असेल, बहीण चार दिवस माझ्याकडे राहायला आली. एकोणीस वर्षांची. बाळाला तिने खाली ठेवलंच नाही. दुपारी बाळ झोपलं होतं, घरात आम्ही दोघीच होतो, आणि मी ठरवलं की आज हिला सांगायचं.

हात गुडघ्याशी धरला : लहान. तिच्या हनुवटीवर बोट : तू. कडेवर घेतल्यासारखं केलं. तोंडाशी हात नेऊन हाक मारल्यासारखं केलं, आणि मग तिच्या पाठीवर बोट दाबलं. तिला एकदम आठवलं. ती खदखदून हसली, तिने मान डावीकडे वळवून दाखवली, उजवीकडे वळवून दाखवली. तिच्या लेखी तो आमचा खेळ होता, बहुधा सगळ्यात आवडता.

आता पुढचं. मी तसं केलं नसतं तर. तुला लवकर नेलं असतं. तर तू आज. मी हात वर केले आणि ते तसेच राहिले. आमच्या शंभर खुणांत 'तर' नव्हता. 'असतं' नव्हतं. जे घडलं ते आम्ही दाखवू शकत होतो. जे घडायला हवं होतं आणि घडलं नाही, त्याला खूण नव्हती. ती माझ्या हातांकडे बघत थांबली होती. शेवटी मी तिच्यासमोर खाली बसले आणि माझे दोन्ही कान धरले. शाळेत चूक झाली की पोरं धरतात तसे. मला रडू आवरत नव्हतं.

ती शाळेत बसली होती ती तीनच दिवस. तिला कोणी कधी कान धरायला लावले नव्हते. तिने काळजीने माझ्याकडे बघितलं, माझे हात कानांवरून अलगद काढले, वाकून आत डोकावली. मग उठून स्वयंपाकघरात गेली. लसूण ठेचल्याचा आवाज आला, तेल तापल्याचा वास आला. ती वाटी घेऊन आली, मांडी घालून बसली, माझं डोकं मांडीवर घेतलं, तेल कोमट झालं का ते स्वतःच्या मनगटावर बघितलं, आणि माझ्या धडधाकट कानात थेंब थेंब सोडायला लागली. आधी उजव्या. मग हनुवटी धरून मान वळवली, आणि डाव्या.